मागाला कळतं बे

जेकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणवणाऱ्या यंत्राचं, कार्ड कधी हातात घेतलंय का? सोलापुरात वाढलेल्यांनी घेतलं असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. जाड पुठ्ठ्याची लांबट पट्टी असते, तिच्यावर ओळीनं बारीक गोल भोकं, काही जागी आहेत, काही जागी नाहीत, आणि दोन्ही टोकांना एकेक मोठं भोक. अशी शेकडो कार्डं दोरीनं एकमेकांना बांधून त्यांची माळ मागाच्या डोक्यावर लटकवलेली असते, माग सुरू झाला की एकेक कार्ड पुढं सरकत राहतं. जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि त्या हुकाला बांधलेले उभे धागे वर येतात, भोक नाही तिथले धागे खालीच राहतात, मग मधून आडवा धागा जातो. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. तुमच्या घरी जी सोलापुरी चादर आहे ना, जिच्यावर मोर नाहीतर फुलांची परडी आहे, ती अशी एकेक ओळ करत आलीये.

तर ही कार्डं उन्हात ठेवून कापडावर चित्रं छापायची, त्यात चिंध्या, दोरा, विणलेले तुकडे असं बरंच काय काय जोडायचं आणि चादरीच्या मापाचा एक मोठा तुकडा तयार करायचा हा उद्योग मी आणि माझा शाळेतला दोस्त मिळून करतोय. त्याचं नाव लिहायचं नाही ही त्याची अट आहे. "नाव टाकलास तर गिऱ्हाईक म्हणतील, कारखाना सोडून हे चित्रं काढत बसलंय." ठीक आहे, नाही लिहीत.

आम्ही चित्रकलेच्या तासाला एका बाकावर. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्ही परीक्षा बरोबर दिल्या, त्याला ए ग्रेड मिळाली, मला बी. स्थिरचित्रात आम्ही साधारण सारखेच होतो पण संकल्पचित्राला हा गडी मला चिरडून टाकायचा, कारण त्याच्या घरी वडील रोज रात्री चौकटीच्या कागदावर चादरीचं डिझाइन रंगवत बसायचे, एकेक चौकोन पोस्टर कलरनं भरत, आणि हा शेजारी बसून ब्रश धुवून द्यायचा. रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी नक्षी, कसा जुळवायचा, फुलाची पाकळी कडेला तुटली तर दुसऱ्या बाजूनं कशी आत आणायची, हे त्याला आम्हाला शिकवणाऱ्या सरांपेक्षा चांगलं येत होतं. पुढं मी पुण्याला जाऊन अप्लाइड आर्ट केलं आणि आता अ‍ॅपच्या स्क्रीन डिझाइन करतो. त्याचे वडील आजारी पडले, हा सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरच्या मागांवर बसला तो बसलाच. मधली बरीच वर्षं आमची दोस्ती म्हणजे वाढदिवसाचा मेसेज आणि दिवाळीत एकदा कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि गप्पा, एवढीच.

त्या दिवाळीच्या गप्पांतच कधीतरी माळ्यावर चढलो आणि गोणपाटात बांधून ठेवलेली जुनी कार्डं दिसली. त्याच्या नव्या मागांना इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आहे, डिझाइन पेन ड्राइव्हवरून जातं, कार्डं फक्त दोन जुन्या मागांना लागतात. मी त्याच सुमाराला पुण्यात सायनोटाइप (उन्हानं निळं चित्र छापायची पद्धत) शिकलो होतो आणि एखाद्या नवशिक्याला जसं सगळीकडे तेच दिसतं तसं मला त्या भोकांतून ऊनच दिसायला लागलं. पिशवीत थोडे रसायन लावलेले कागद होते (मी ते घेऊन फिरायचो, बायको हसते त्यावर), गच्चीवर नेऊन एक कार्ड ठेवलं, वरून काच. धुतल्यावर पांढऱ्या पट्टीवर निळ्या ठिपक्यांच्या ओळी आल्या आणि टोकाला दोन मोठे निळे गोल. दोस्त बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे तर उलटं आलंय बे." उलटं कसलं, ऊन भोकातून गेलं तिथं निळं झालं, पुठ्ठ्याखाली पांढरं राहिलं. पण तो उलटं-सुलटं याच भाषेत विचार करतो, कारण चादरीत एका बाजूला जो रंग नक्षीत असतो तो दुसऱ्या बाजूला जमिनीत, म्हणजे नक्षीमागच्या मोकळ्या भागात, जातो.

सायनोटाइप ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन रसायनं लागतात, फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, वेगवेगळी पाण्यात विरघळवायची, वापरताना सारख्या मापात एकत्र करायची आणि कमी उजेडात कागदाला किंवा सुती कापडाला लावून अंधारात वाळवायची. मग त्यावर वस्तू किंवा निगेटिव्ह ठेवून उन्हात. पोपटी पिवळा रंग हळूहळू निळसर राखाडी होतो, मग मळकट चंदेरीसारखा, की उचलायचं आणि पाण्यात टाकायचं. ऊन न लागलेलं रसायन धुवून जातं, ऊन लागलेलं निळं राहतं. जुन्या इंजिनिअरिंगच्या ब्ल्यूप्रिंट याच पद्धतीच्या. अम्माला, म्हणजे दोस्ताच्या आईला, बाटलीवरचं सायनाइड वाचून दाखवलं कुणीतरी आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. "इदेंट्रा?" म्हणजे हे काय रे, "पोरांचं घर हाय हे!" तिला समजावलं की हे ते सायनाइड नाही, कडक अ‍ॅसिडमध्ये मिसळलं तर मात्र धोका असतो म्हणून आपण अ‍ॅसिड घरातच आणणार नाही. संडास धुवायचं अ‍ॅसिड त्या दिवसापासून तिनं बाहेर ठेवलंय, अजून आत घेतलेलं नाही.

एक गंमत मला नंतर वाचताना सापडली. सायनोटाइप शोधलं खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं, 1842 मध्ये. आणि जेकार्डची कार्डं बघून, अशीच कार्डं घालून गणित करणारं यंत्र बांधू असं ज्याच्या डोक्यात आलं तो चार्ल्स बॅबेज. हे दोघं केंब्रिजपासूनचे दोस्त. 1821 मध्ये खगोलशास्त्राची कोष्टकं तपासत दोघं बसले होते, चुकाच चुका निघत होत्या, तिथूनच बॅबेजच्या यंत्राचं खूळ सुरू झालं असं सांगतात. बॅबेजकडे हे जेकार्ड काढणाऱ्या खुद्द जॅकार्डचं रेशमात विणलेलं एक चित्र होतं, त्या एका चित्राला चोवीस हजार कार्डं लागली होती. म्हणजे आमचं कार्ड एका दोस्ताकडून आणि आमचा निळा रंग दुसऱ्याकडून! मी हे फोनवर एवढ्या उत्साहात सांगितलं आणि पलीकडून प्रश्न आला, "यंत्र झालं का मग?" नाही झालं. कार्डांच्या आधीच्या त्याच्या पहिल्या यंत्रावर ब्रिटिश सरकारनं सतरा हजार पौंडांच्या आसपास घातले आणि 1842 मध्येच हात वर केले. "म्हणजे सबसिडी तेव्हापण लटकतच होती," म्हणाला आणि फोन ठेवला, कारण कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी, बदलायला माणूस आला नव्हता.

आता भांडणांकडे येतो, कारण एकत्र काम म्हणजे निम्मं तेच होतं.

पहिलं भांडण कार्डांच्या क्रमावरून. माझ्या डोक्यात असं की कार्डं कापडावर कशीही टाकू, तिरकी, एकावर एक, काही अर्धी, म्हणजे त्याला एक हालचाल येईल. तो ऐकेना. एका डिझाइनची कार्डं नंबरानं असतात, एक जरी मागंपुढं झालं तरी चादरीच्या पूर्ण रुंदीत चूक उमटते, आणि विकली जाणारी डिझाइनं तर तो देणारच नव्हता, जे मोर आणि जे गुलाब आता कुणी मागत नाही तेवढेच दिले. तेही क्रमानं छापायचे असतील तरच. मी म्हटलं अरे, कार्डावरच्या भोकांवरून मोर दिसतच नाही, बघणाऱ्याला फक्त ठिपके दिसणार, क्रम बरोबर आहे का चूक हे कुणाला कळणार आहे?

"मागाला कळतं बे."

यावर काय बोलणार. एका संध्याकाळी त्यानं मला कार्डांची माळ जमिनीवर पसरून दाखवली. सुरुवातीची बरीच कार्डं जवळजवळ सारखी, ती नुसती जमीन. मग एका जागी भोकांची चाल बिघडते. "इथं पाय सुरू झाला." पुढं कितीतरी कार्डांनंतर परत गडबड, "हा पिसारा, बघ कसं गच्च झालंय." मला दिसत नव्हतं, पण त्यानं सांगितल्यावर दिसायला लागलं. त्यामुळे आता आमच्या कापडावर कार्डं वरपासून खालपर्यंत नंबरानं आहेत, सरळ, शिस्तीत. आणि खरं सांगू का, माझी तिरकी-आडवी आयडिया कुठल्याही कॅफेच्या भिंतीवर शोभली असती, ही नाही शोभणार, आणि मला ते बरं वाटतं.

कामाची जागा म्हणजे त्याच्या कारखान्याचं मागचं दार आणि गच्ची. मी शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून जायचो, रात्री पोचलो की पिवळ्या बल्बच्या उजेडात मांजरपाटाला रसायन लावायचं, पंख्याखाली वाळवायचं, शनिवारी दुपारी छापायचं. मांजरपाट आधी दोनदा धुवून त्यातली खळ काढावी लागते, नाहीतर रसायन वरच बसतं आणि धुताना सगळं निघून जातं. सोलापूरचं ऊन या कामासाठी देवानं पाठवलंय, एप्रिलमध्ये सात-आठ मिनिटांत काम होतं. ऑगस्टमध्ये, नारळी पौर्णिमेला, मार्कंडेय महामुनींच्या रथाच्या दिवशी माग बंद होते म्हणून त्याला सवड होती आणि आम्ही मिरवणुकीहून येऊन छापायला घेतलं तर वर ढग, अर्धा तास झाला तरी कापड पोपटीच. शेवटी कंटाळून तसंच सोडून जेवायला गेलो, परत आलो तर मस्त गडद झालं होतं, अजूनपर्यंतचा सगळ्यात चांगला निळा तोच आलाय.

खरी अडचण पाण्याची. सायनोटाइपला धुवायला भरपूर पाणी लागतं आणि त्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे छापायचा दिवस उन्हावर नाही तर पाण्याच्या पाळीवर ठरायचा. बोअरचं पाणी वापरून बघितलं तर निळा फिका पडत गेला, जड, अल्कली असलेलं पाणी या रंगाला मानवत नाही, अल्कली असली की प्रशियन ब्ल्यू, म्हणजे हाच निळा, मरतो. मग पहिल्या पाण्यात चिमूटभर लिंबूसत्व टाकायला लागलो, ते बरंच कामी आलं. शेवटचं धुणं तेवढं नळाच्या साठवलेल्या पाण्यानं. अम्मा पिंपातला प्रत्येक तांब्या मोजायची.

दुसरं भांडण कापसाच्या तुसावरून. कारखान्यात हवेत सतत तूस उडत असतं, ओल्या कापडावर जाऊन चिकटतं आणि छापल्यावर तिथं केसासारखी पांढरी रेघ राहते. मला त्या रेघा प्रचंड आवडल्या. कारखान्याची हवाच छापली गेलीये असं वाटलं. त्याला मात्र हा सरळसरळ सेकंडचा माल. त्यानं खडू घेतला आणि जशी चादर तपासतात तशी एकेका डागाभोवती गोल करत सुटला, कापडभर गोल! मी ओरडणार होतो पण मग बघत उभा राहिलो कारण ते गोल भारी दिसत होते, हात सवयीचा होता ना, एकही गोल विचार करून काढलेला नाही. मी म्हटलं हे गोल पुसायचे नाहीत, यावर लाल दोऱ्यानं धावदोरा घालू. तो म्हणाला वेडा आहेस, डॅमेज दाखवून माल विकणार का? पण नाही म्हणाला नाही.

धावदोरा घालायला अम्मा. तिनं आयुष्यभर बिड्या वळल्यात, तिची बोटं दोऱ्यावर अशी चालतात की बघत बसावं. पण फुकट नाही. बिडीची मजुरी हजारामागे मिळते, तर हिचा पहिला प्रश्न, "गोलाला किती?" मी लाजून काहीतरी बोललो की अम्मा, हे आपलं घरचंच आहे, तर दोस्तानंच मला गप्प केलं, रेट ठरव म्हणाला. ठरवला. मोठ्या गोलाला जास्त, लहानाला कमी. पुण्यात आर्टवाल्या लोकांत बसून कम्युनिटी आणि कोलॅबोरेशन असले शब्द मी खूप ऐकलेत, पण कुणाच्या हाताला गोलामागे किती द्यायचे हे तिथं कुणी उघड बोलताना मी ऐकलं नाही.

अम्माकडूनच पुढचा रंग मिळाला. सायनोटाइपचा निळा धुण्याच्या सोड्यात घालून उडवता येतो, कापड पिवळट होतं, मग ते टॅनिन असलेल्या पाण्यात टाकलं की तपकिरी काळा रंग धरतं. सगळे चहाची पत्ती वापरतात, आम्हीही वापरली. मग दोस्ताला आठवलं की तेंदूच्या पानातही टॅनिन असतं आणि बिडीसाठी पान कापल्यावर उरलेलं कात्रण तर घरात पोतंभर पडलेलं. उकळलं. सगळ्या घराला वास, शेजारी विचारायला आले. चहाचा रंग तांबूस येतो, तेंदूचा आला तो जास्त मातकट, जुन्या पत्र्यासारखा. मोराचा पिसारा असलेली पट्टी निळी ठेवली, पायाची आणि जमिनीची पट्टी तेंदूत बुडवली. आणि पान कापायचा पत्र्याचा चौकोन असतो ना, ज्यावर ठेवून बिडीचं पान मापात कापतात, तो थेट कापडावर ठेवून छापला, एका कडेनं ओळीत. अम्माला ते सगळ्यात जास्त आवडलं कारण ते ओळखू येतं. बाकीचं तिच्या मते पोरांचे चाळे.

वडिलांच्या ग्राफचा विषय मात्र नाजूक होता. मला ते मूळ कागदच हवे होते, चौकोन चौकोन रंगवलेले, कडेला पेन्सिलीनं तेलुगूत लिहिलेल्या नोंदी, कोपऱ्यात चहाच्या कपाचा डाग. ते कापडावर शिवले असते तर काय दिसलं असतं. त्यानं स्पष्ट नाही म्हटलं. चिडून नाही, पण असं की परत विचारायची सोय नव्हती. पुढच्या वेळी मी गेलो तर त्यानं काहीतरी कापडात गुंडाळलेलं हातात दिलं. एका ग्राफचा फोटो काढून, कॉम्प्युटरवर डिझाइन बसवून, इलेक्ट्रॉनिक जेकार्डवर त्यानं अरुंद पट्टी विणली होती. राखाडी आणि पांढरी. चौकोन होते, वडिलांचं अक्षर होतं, चहाचा डागसुद्धा विणला होता. "कागद फाटतंय, हे धुता येतंय." ती पट्टी आता मधोमध आहे, वरून खाली, आणि दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून तुकडा भिंतीला न लावता टांगायचा असं ठरलं. हा निर्णय पूर्ण त्याचा आणि मला वाटतं सगळ्या कामातला सगळ्यात चांगला निर्णय हाच आहे.

तिसरं भांडण कापडावरून नव्हतंच, मजकुरावरून होतं. पुण्यातल्या एका ठिकाणी हे दाखवायचं चाललंय, त्यांनी सोबत लावायला छोटा परिच्छेद मागितला. मी लिहिला, त्यात "लुप्त होत चाललेली कला" असं कायतरी होतं, म्हणजे असतंच ना अशा मजकुरात. त्याला पाठवला. रात्री अकराला फोन.

"माझ्या मागं माग खटखट करलालेत, ऐकू येतंय का? श्रद्धांजली कुणाला वाहतोस बे?"

मी म्हटलं, अरे पण तूच सांगतोस की अमक्याचे माग भंगारात गेले, तमक्यानं कारखाना विकून प्लॉट पाडले, पोरं या धंद्यात यायला तयार नाहीत. खोटं आहे का ते? "कमी झालंय ते लिही. मेलंय म्हणू नको. मेलं म्हटलं की लोक हळहळतात आणि चादर घेत नाहीत, हरियाणाहून आलेलं ब्लँकेट घेतात." माझं पूर्ण पटलेलं नाही. धोक्याची गोष्ट धोक्याची म्हणून सांगायला हवी असं मला अजून वाटतं, आणि जीआय टॅग (मूळ ठिकाणाच्या नावाची कायदेशीर नोंद) असूनही सोलापुरी चादर म्हणून काहीही खपवलं जातं हेही लिहायला हवं होतं. पण ज्याच्या छपराखाली हे सगळं बनलं तो म्हणतोय नको, तर माझं वाक्य महत्त्वाचं कसं ठरेल? परिच्छेद शेवटी त्यानंच लिहिला, चार ओळी. काय काय साहित्य वापरलंय, माप 60 बाय 90 इंच, मजुरी कशाची किती दिली, आणि कारखाना चालू आहे, ऑर्डर घेतो. ते ठिकाण चालवणाऱ्या बाईंना वाचून जरा धक्का बसला असावा, उत्तर यायला वेळ लागला, पण आहे तसा लावतो म्हणाल्या.

सहीचंही असंच. मी कोपऱ्यात दोघांच्या सह्या करणार होतो, तो म्हणाला चादरीवर सही नसते, मार्क असतो. मार्क कसा असावा यावर आमचं अजून एकमत नाही. मी पाठवलेले तीन त्यानं नापास केले, टाइप बारीक आहे, विणल्यावर अक्षर भरून जाईल म्हणे, आणि त्यानं पाठवलेला मला लग्नपत्रिकेसारखा वाटतो.

दरम्यान साहेबांना चटक लागलीये. परवा फोटो पाठवला, माळ्यावरून आणखी एक गोणपाट खाली काढलंय, त्यात वाघाची कार्डं आहेत, जंगलासकट, वडिलांच्याही आधीच्या काळातली, आणि खाली मेसेज, "वाघ पूर्ण आहे, एक पण कार्ड गायब नाही, मोजलो." म्हणजे दुसरी चादर. फेरिक अमोनियम सायट्रेट संपत आलंय, या वेळी अर्धा किलो एकदम घेतो, आणि अम्मानं निरोप दिलाय की वाघाला गोल जास्त लागणार असतील तर रेट आधी बोलून घ्या.